आर्क्टिक एमएक्स-४ थर्मल पेस्ट: वीस वर्षे जुन्या पेंटियम ४ संगणकावरील अनुभव

सदाशिव पेठेतील आमच्या अक्षरजुळणीच्या कार्यालयात २००४ साली घेतलेला पेंटियम ४ संगणक अजून रोजच्या कामात आहे. त्यावर विंडोज एक्सपी, पाने जुळवण्याचे पेजमेकर ७ आणि मराठी टंकनाचे श्रीलिपी आहे. आमच्याकडील सॉफ्टवेअरचे लॉक (ज्याच्याशिवाय ते चालत नाही असा छोटा जोड) जुन्या प्रिंटर पोर्टलाच बसते आणि पुस्तकांच्या व दिवाळी अंकांच्या शेकडो फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्या नव्या यंत्रावर उघडल्या की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. म्हणून हे यंत्र टिकवणे हा आमच्यासाठी हौसेचा नव्हे, तर गरजेचा विषय आहे.

यंदा एप्रिलपासून एक विचित्र त्रास सुरू झाला. सकाळी संगणक व्यवस्थित चाले. दुपारी दोननंतर मात्र टंकलेले अक्षर पडद्यावर उशिरा उमटे, पान सरकवताना चित्र अर्धवट रंगून थांबे आणि पंख्याचा आवाज मिक्सरसारखा चढे. यंत्र एकदाही बंद पडले नाही, त्यामुळे आम्ही आधी हार्ड डिस्कवर संशय घेतला आणि त्यात आठवडा गेला. खरे कारण प्रोसेसरच्या रचनेतच होते. पेंटियम ४ ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की तो लगेच बंद न होता आपल्या आतल्या घड्याळाचे काही ठोके गाळू लागतो, म्हणजेच स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम मंद होतो. आमचा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्‌झचा, ‘प्रेस्कॉट’ पिढीतला, म्हणजे ८९ वॅटचा आहे. ही पिढी उष्णतेसाठी कुप्रसिद्धच होती. बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मांडणीच्या, पडद्यावर, काहीही काम चालू नसताना, ६८ अंश सेल्सिअस दिसले तेव्हा शंका उरली नाही.

प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट लावतात; ती जुनी झाली असावी म्हणून नवी घेण्यासाठी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, गेलो. दुकानदाराने आधी नेहमीची पांढरी पेस्ट पुढे केली आणि प्रोसेसरचे नाव ऐकल्यावर म्हणाला, “काका, एवढ्या जुन्या मशीनला ही महागडी कशाला? भंगारात द्या ना.” त्याच्या बोलण्यात आपुलकी होती, पण मी एमएक्स-४ चीच ४ ग्रॅमची नळी घेतली. पांढऱ्या पेस्टच्या कित्येक पट किंमत मोजावी लागली. हा आग्रह धरण्याचे कारण असे की, काही वर्षांपूर्वी एका दुरुस्ती करणाऱ्याने आमच्या दुसऱ्या यंत्रावर पांढरी पेस्ट लोण्यासारखी थापली होती आणि वर्षभरात ती सुकून खडूसारखी झाली होती. एमएक्स-४ मध्ये धातूचे कण नाहीत, त्यामुळे चुकून बाजूला लागली तरी शॉर्टसर्किटची भीती नाही. जुन्या मदरबोर्डचा बदली भाग सहज मिळत नसताना हा गुण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

लावण्याआधीचे काम मात्र लावण्यापेक्षा अवघड आहे. सॉकेट ४७८ चा (आमच्या प्रोसेसरच्या खोबणीचा प्रकार) हीटसिंक दोन पांढऱ्या खटक्यांनी चौकटीत अडकवलेला असतो. खटके उघडून तो थंड यंत्रावरून सरळ वर ओढला, तर कडक झालेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, सॉकेटचे कुलूप लावलेले असले तरी. पूर्वी एकदा माझ्या हातून असे झाले आहे आणि वाकलेल्या दोन पिना अर्ध्या मिलिमीटरच्या रिकाम्या शिसपेन्सिलीच्या टोकात धरून सरळ करताना जीव टांगणीला लागला होता. या वेळी संगणक आधी पंधरा मिनिटे चालवला, वायर काढली आणि पेस्ट कोमट असतानाच हीटसिंक हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवला. हळूहळू तो सुटला.

पंखा वरून स्वच्छ दिसत होता; चार कोपऱ्यांतून सोडवल्यावर त्याच्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, धुळीचा नमद्यासारखा थर निघाला. तो बोटांनी अखंड उचलता आला. हवा आत जातच नव्हती. पाती मऊ ब्रशने झाडली, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्याने पुसली, कारण कापसाच्या बोळ्याचे तंतू मागे राहतात. मग प्रोसेसरच्या धातूच्या टोपणावर मधोमध तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि हीटसिंकच्या दाबाने तिला पसरू दिले. पेस्टचे काम दोन पृष्ठभागांमधील बारीक खाचांतली हवा हटवण्याचे असते. जास्त लावली तर तिचाच जाड थर उष्णतेच्या वाटेत उभा राहतो. ही पेस्ट फार पातळ नाही, नळीतून नेमकी थांबवता येते, हे वापरताना जाणवले.

त्याच दुपारी, त्याच खोलीत, बायोसने ४९ अंश दाखवले. दुसऱ्या दिवशी दोनशे पानांच्या पुस्तकाची पीडीएफ करताना यंत्र अडखळले नाही. मे महिना सरला, तरी दुपारचा मंदपणा परत आलेला नाही. यातले सगळे श्रेय पेस्टला देणे मात्र योग्य होणार नाही. निम्मे काम धूळ काढल्याने झाले असावे. शिवाय आमचा कॅबिनेट संगणकाच्या टेबलाच्या बंद कप्प्यात होता, तिथे मागून बाहेर पडणारी गरम हवा फिरून पुढून आत येत होती. त्या कप्प्याची मागची फळी मी काढून टाकली. कॅबिनेटचे झाकण उघडे ठेवण्याचा उपाय अनेक जण सुचवतात, पण आपल्याकडच्या रस्त्यांच्या धुळीत तो महिन्याभरात अंगाशी येतो.

कॅबिनेट उघडलाच आहे, तर मदरबोर्डवरील कपॅसिटर (वीज साठवणारी छोटी नळकांडी) नीट पाहावेत. त्या काळातल्या अनेक बोर्डांवरचे कपॅसिटर निकृष्ट होते आणि सभोवतालचे तापमान साधारण १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. डोके फुगलेले दिसले, तर कितीही चांगली पेस्ट उपयोगी नाही, आधी ते बदलून घ्यावेत. आमचे सुदैवाने सपाट आहेत.

ज्यांच्याकडे असे जुने यंत्र खरोखर कामात आहे, त्यांनी एमएक्स-४ नि:शंक घ्यावी. एका नळीत चार-पाच यंत्रे सहज होतात. आमच्या हीटसिंकवरील मूळ पंख्याचे बेअरिंग मात्र घासले आहे, त्याची घरघर कमी झाली तरी थांबलेली नाही, आणि त्या मापाचा चांगला पंखा तपकीर गल्लीत अजून तरी मिळालेला नाही.