मालाडच्या जुन्या दगडाला नव्या दगडाची जोड : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

फोर्टातील आमच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीतले झिजलेले अकरा दगड बदलून आठ महिने झाले. मधला पावसाळाही सरला, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल.

आमची भिंत मालाडच्या पिवळसर दगडाची आहे. डेव्हिड ससून ग्रंथालयाची १८७० सालची इमारत याच दगडाची. त्या खाणी आता बंद असल्याने पाडलेल्या इमारतींतून निघालेला मालाडचाच दगड किंवा राजस्थानचा वालुकाश्म, एवढेच पर्याय आमच्यापुढे होते. पुरवठादाराने आणलेला वालुकाश्माचा तुकडा भिंतीला लावून पाहिला तेव्हा रंग हुबेहूब जुळला. पण भिंतीवर शंभर वर्षांची काजळी होती आणि आम्ही जुळवत होतो तो त्या काजळीचा रंग. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने हातभर जागा धुतल्यावर खालचा दगड बराच उजळ निघाला. मग दोन्ही दगड भिजवून पाहिले, तेव्हा जुना मधासारखा गडद झाला आणि नव्यावर तांबूस झाक आली. नमुना कोरडा आणि ओला, असा दोन्ही वेळा पाहिल्याशिवाय कोणीही मागणी नोंदवू नये, असे मी कळकळीने सांगेन.

शेवटी नऊ दगड जुने मिळाले, दोन वालुकाश्माचे घ्यावे लागले. यंत्राने कापलेला गुळगुळीत दगड रंगाने जुळूनही तिरप्या उन्हात ठिगळासारखा दिसत होता. पाथरवटाने शेजारच्या दगडावरचे टाकीचे घाव बोटांनी चाचपले, तेवढ्याच अंतराने नव्यावर टाकी चालवली आणि कडेची बोटभर सपाट पट्टीही घडवली. त्यानंतर तो दगड भिंतीत मिसळला. सांधे चुन्यातच भरले. पूर्वी कोणीतरी सिमेंटने भरलेल्या सांध्यांतून ओल बाहेर पडू शकत नव्हती, ती दगडातून वाट काढत होती आणि आमच्या दगडांच्या कडा त्यामुळेच सुटल्या होत्या.

पावसाळ्यात नऊ दगड भिंतीबरोबर भिजले आणि तिच्याबरोबरच सुकले. वालुकाश्माचे दोन मात्र सर थांबली की आधी सुकतात आणि तासभर फिकट दिसतात. एका जुन्या दगडाच्या पाठीवर सिमेंट चिकटून राहिले होते, त्यावर ऑक्टोबरात पांढरा क्षार फुलला. तो पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने तीनदा झाडला. दर वेळी कमी येत गेला, पण अजून पूर्ण थांबलेला नाही.