जांभळी नाक्यामागच्या बोळातलं मसाला कांडप, मिरच्यांचे देठ काढूनच जा

गेल्या वर्षी घोडबंदरला आमच्या जवळच्या एका चक्कीवर मसाला दिला होता, त्यांनी आधीच्या कुणाचा तरी उरलेला मसाला झाडलाच नाही, सगळा मिक्स झाला आणि वर्षभर प्रत्येक आमटीला तो परका वास. म्हणून यंदा एप्रिलमध्ये सरळ जुन्या ठाण्यात, आई जायची त्याच बोळात गेले.

बोळ एवढा अरुंद की समोरून कुणी पिशव्या घेऊन आलं की आपण ओट्यावर चढायचं. रिक्षा नाक्यावरच सोडा. आत शिरलं की आधी ठसका लागतो, मग मसाला कुटायच्या डंकाची धपधप ऐकू येते.

काम एकदम चोख. आधीचा घाणा झाला की काका ब्रशने डंक झाडतात, मग तुमच्याच मिरचीची एक मूठ कुटून ती बाजूला काढतात, त्यानंतर तुमचा माल. आपल्या डंकापाशी स्टुलावर बसून सगळं डोळ्यांसमोर करून घेता येतं. चाळून उरलेला भरडा परत कुटतात, टाकून देत नाहीत.

पण मला खरं सांगायचंय ते त्यांच्या वहीबद्दल. त्यांच्या वडिलांपासूनची वही आहे, कापडी पुठ्ठ्याची, पानं मिरचीने लाल झालेली, आणि त्यात घराघराचं प्रमाण लिहिलंय. चेंदणी कोळीवाड्याच्या मावश्यांचं वेगळं, सीकेपी घरांचं वेगळं, पाठारे प्रभूंचा संबार मसाला तर गहू आणि हरभराडाळ घातलेला. एक पान बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबाचं आहे, टेंभी नाक्याला त्यांचं १८७९ चं सिनेगॉग अजून आहे पण ते कुटुंब कधीच इस्रायलला गेलं. वाडे पाडून टॉवर झाले, माणसं कोलशेतला, घोडबंदरला गेली, वहीत मात्र अजून "विहिरीजवळचं घर", "मधला वाडा" असंच लिहिलेलं. या बोळात कोण कोण राहायचं ते मला आईकडूनही इतकं कळलं नव्हतं.

मी पिशवी ठेवली तर काका म्हणाले, "मधल्या वाड्यातल्या वहिनींची मुलगी ना तू? त्यांचं दगडफूल जास्त असायचं, तू कमी आणलंयस." आणि पान काढून दाखवलं. बेडगी दोन किलो, संकेश्वरी एक, खाली आईच्या अक्षरात "नागकेशर बेतानं". आईला जाऊन तीन वर्षं झाली. मी तिथेच रडले, काकांनी काही न बोलता पाणी दिलं आणि मुलाला दगडफूल आणायला पाठवलं.

आता कामाचं. मिरच्या दोन दिवस कडक उन्हात वाळवून न्या, ओल्या असतील तर ते घेत नाहीत आणि बरोबरच आहे. गरम मसाला घरूनच भाजून न्यायचा. दर बोर्डावर लिहिलेला आहे, घासाघीस नाही. मे महिन्यात चार-चार तास नंबर लागत नाही, सकाळी लवकर जा. बसायला जागा कमी आहे, म्हाताऱ्या माणसांना सोबत नेऊ नका. डबा स्टीलचा न्या, नुकताच कुटलेला मसाला गरम असतो, तो प्लास्टिकमध्ये भरायला काका नाही म्हणतात.