खान्देशच्या उन्हात कास्ट आयर्न बुलेट ३५०

रॉयल एनफिल्डची जुनी कास्ट आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडी सिलिंडरची, बुलेट खान्देशात रोज वापरता येते. मात्र जळगाव-भुसावळचा पारा ४५ कडे सरकला की लोखंडी सिलिंडर ॲल्युमिनियमसारखा पटकन निवत नाही, आणि तेल व करंट (प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा) या दोन गोष्टींत हयगय झालेली लगेच कळते. बाकी गाडी कणखर आहे.

तेल २०डब्ल्यू५० मिनरल, साधारण दोन लिटर. उन्हाळ्यात दर २००० किमीला बदला, सोबत फिल्टरही. गाडी महिनाभर उभी राहिली की इंजिनच्या तेलटाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पेटीत) उतरतं आणि डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची पट्टी, कोरडी दिसते. लगेच तेल ओतू नका. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, मग पातळी बघा. आधीच भरलं तर जादा तेल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडतं, आणि गॅस्केट गेलं समजून लोक विनाकारण इंजिन उघडतात.

खरी कटकट सीबी पॉइंटची, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्ट ब्रेकरची. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवायची. कॅमवर घासणारं फायबर झिजतं तशी फट कमी होते, म्हणून कॅमला ग्रीसचा अगदी कण लावा. जास्त लावलं तर ते पॉइंटवर उडतं. तोंडावर खड्डे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवून पेट्रोलने पुसा. गाडी थंड असताना एका किकमध्ये सुरू, तापल्यावर मिसिंग करून बंद, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू, असं होत असेल तर कार्बोरेटरच्या मागे लागू नका. आधी कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा विजेचा भाग) बदला, मग प्लगला करंट देणारी कॉइल तपासा. कंडेन्सर स्वस्त असतो, एक जादा टूलबॉक्समध्ये हवाच.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची सैलता, इंजिन थंड असतानाच लावा. पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा. पुशरॉड (तीच दांडी) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. घट्ट ठेवलेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो, थोडा वाजणारा बरा.

चालवायला ही गाडी ५५ ते ६५ च्या वेगात सर्वांत गोड. ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे धाव लांब, त्यामुळे खालच्या आरपीएमलाच ओढ मिळते आणि शहादा-तोरणमाळ चढावर सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. पहाटे निघा. सावदा-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातली थंड हवा इंजिनलाही मानवते, आवाज मऊ होतो. भर दुपारी हायवेवर ८०-८५ सतत रेटली, त्यातही सिलिंडर नुकताच बोअर केलेला (आतून कोरून नवा पिस्टन बसवलेला) असेल, तर पिस्टन चिकटण्याची भीती असते. बोअरनंतर पहिले १००० किमी ५० च्या आतच.

पुढचा ड्रम ब्रेक मात्र कमकुवत, त्याची भलामण करता येत नाही. कन्नड घाट चाळीसगावच्या बाजूला उतरताना दुसरा-तिसरा गिअर धरा. गिअर उजव्या आणि ब्रेक डाव्या पायाला असलेलं मॉडेल असेल, तर पाय बसेपर्यंत घाटात नेऊच नका.

विकत घेताना नंबर एमएच १८, १९ की ३९ (धुळे, जळगाव की नंदुरबार) हे गौण आहे. इंजिन व चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून बघा, आणि १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी झाली आहे का ते पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.