लोणारला जोडीनं जायचंय : समृद्धीनं की अमरावती-अकोला रस्त्यानं?

नागपूरहून लोणार आणि पुढे सिंदखेडराजा असा बेत ठरला की दोन वाटा समोर येतात. एक समृद्धी महामार्ग, नागपूरच्या कडेच्या शिवमडक्याहून थेट मेहकरपर्यंत, तिथे उतरून लोणार. दुसरी जुनी, अमरावती-अकोला-शेगाव-खामगाव अशी. नुसतं अंतर आणि वेळ बघायचा तर वादच नाही, समृद्धी. पण वऱ्हाडात ज्यांची सोयरीक आहे त्यांचा रस्ता नकाशावर ठरत नाही. अमरावतीला आत्या, अकोल्याला मामेसासरे, आणि तुम्ही घरावरून गेलात हे दोघांनाही कळणारच.

दुचाकीवर निघणार असाल तर प्रश्न मिटला. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे.

समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि लोणार एकदम जवळ आलं. सकाळी लवकर निघालं तर जेवणाआधी पोचता येतं. टोल किलोमीटरच्या हिशेबानं, उतरताना कापला जातो. कारला ताशी 120 ची मर्यादा आहे, ती पाळा. सरळसोट सिमेंटच्या रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही, तेव्हा शेजारच्या माणसानं बोलत राहायचं. निघण्याआधी टायर तपासा, टाकी भरून घ्या, डबा सोबत ठेवा. वाटलं तिथे टपरीवर चहा, हा प्रकार इथे नाही. उतरायचा फाटा चुकला की पुढचा येईपर्यंत वळताही येत नाही. वाटेत सेवाग्राम करता येतं (बापूकुटी बघायची आणि वर्ध्याचा गोरसपाक घ्यायचा), नाहीतर कारंजा लाडला नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. पण दर वेळी खाली उतरा, परत चढा. एखादाच थांबा ठरवा.

जुन्या रस्त्याला थांबे ठरवावे लागत नाहीत. कोंढाळी-कारंजा (घाडगे) पट्ट्यात हंगामात रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग असतात. मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम अगदी रस्त्यावर. थोडी वाट वाकडी केली तर वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. आणि तिचं हरण झालं असं सांगतात ते अंबादेवीचं देऊळ अमरावतीत, एकवीरेच्या शेजारीच. पुढचा अमरावती-अकोला रस्ता पूर्वी खड्ड्यांसाठी बदनाम होता. 2022 च्या जूनमध्ये त्याचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. अकोल्यापुढे बाळापूरला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री (खांबांचा मंडप) आहे. शेगावला जाणारे बहुतेक जण ती न बघताच पुढे जातात. मला ती शेगावच्या वाटेवरची सगळ्यात चांगली जागा वाटते.

आता खरा मुद्दा. तुम्ही दोघं एकमेकांसोबत वेळ काढायला निघालात ना? मग जुन्या रस्त्यावरचा मुक्काम जपून. नातेवाइकाकडे पोचलात की जोडी फुटते. ती आतल्या खोलीत बायकांमध्ये, तुम्ही बैठकीत कापसाचा भाव ऐकत. “असे कसे जाता जी, जेवून जा,” म्हटलं की पाटवडी-रस्सा, आंबाडीची भाजी, वर पुरणपोळी, आणि दोन तास गेलेच. निघताना ओटी भरल्याशिवाय सोडत नाहीत. एका घरी गेलात आणि दुसऱ्या घरी नाही, तर पुढच्या लग्नात ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून माझं मत असं की जाताना समृद्धी, येताना जुना रस्ता. बहुतेक लोक उलट करतात, आधी सगळ्यांना भेटून मग फिरू म्हणतात, आणि फिरायच्या वेळी दमलेले असतात. लोणारला पायांत जोर लागतो. साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर, तळाशी खारं पाणी, काठानं देवळं. खाली उतरणं सोपं, परत चढताना घाम फुटतो. पहाटे उतरा, उन्हाळ्यात तर जाऊच नका. गावातलं दैत्यसूदन मंदिर सोडू नका, त्यावरची शिल्पं विवराइतकाच वेळ मागतात. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा वाडा. तेवढ्यात दोघांचे दोन दिवस भरतात.

परतीला खामगावमार्गे शेगाव. गजानन महाराजांचं दर्शन, कचोरी, आणि प्रसादाची चार पाकिटं जास्तीची. ती अकोल्यात नि अमरावतीत हातात ठेवली की भेट पुरी होते, सोबत नागपूरची संत्रा बर्फी असेल तर कोणी रागावायला जागा उरत नाही. शिवाय “उद्या ऑफिस आहे” हे कारण परतीला खरं असतं, जाताना ते कोणी मानत नाही. अकोल्याला जेवण, अमरावतीला फक्त चहा, असं आधीच फोनवर सांगून ठेवा, आणि तो फोन ज्याचे नातेवाईक त्यानंच करावा.

गुरुवारी मात्र शेगाव टाळा. दर्शनाच्या रांगेत अर्धा दिवस जातो आणि अमरावतीचा चहा रात्रीच्या जेवणावर जातो.