लेजंड ऑफ ग्रिमरॉक : पहिला भाग घ्यावा की दुसरा?

स्टीम किंवा गॉग या गेम विकणाऱ्या संकेतस्थळांवर सवलत लागली की लेजंड ऑफ ग्रिमरॉक या संगणकावरच्या खेळाचे दोन्ही भाग शेजारी शेजारी दिसतात, आणि ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच: यातला कुठला घेऊ? बहुतेक जण सांगतात की दुसरा घ्या, तो मोठा आहे. तो मोठा आहे हे खरंच. पण माझ्या पाहण्यातले तिघं जण त्या मोठेपणामुळेच अर्ध्यात थांबले आणि मग या जातीच्या खेळाकडे पुन्हा वळलेच नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही गेम फिनलंडमधल्या ऑल्मोस्ट ह्यूमन या अगदी छोट्या चमूने बनवले. पहिला एप्रिल 2012 मध्ये आला, दुसरा ऑक्टोबर 2014 मध्ये. दोघांचा पूर्वज एकच, 1987 साली अटारी एसटी या संगणकावर आलेला डंजन मास्टर हा खेळ. त्याची रीत अशी की जग बुद्धिबळाच्या पटासारखं घरांत विभागलेलं असतं. एक पाऊल म्हणजे एक घर, वळायचं ते काटकोनात. तुमचे चौघे साथीदार एकाच घरात उभे असतात, दोन पुढे, दोन मागे. चाल मात्र आळीपाळीने नाही. तुम्ही विचार करत थांबलात म्हणून समोरचा राक्षस थांबत नाही. घरांची शिस्त आणि घड्याळाची घाई एकत्र आली की एक विशिष्ट ताण तयार होतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मोकळं फिरता येणारे त्रिमितीय खेळ आले आणि ही रीत जवळजवळ मोडीत निघाली. ग्रिमरॉकने ती नुसत्या आठवणीखातर परत आणली नाही, तिच्यात अजून दम आहे हे दाखवून दिलं.

पहिल्या भागात चार कैद्यांना ग्रिमरॉक पर्वताच्या माथ्यावर नेऊन डोंगराच्या पोटात ढकलून देतात. जिवंत बाहेर पडलात तर सगळे गुन्हे माफ. अंगावर धड कपडे नाहीत, हातात शस्त्र नाही. भिंतीवरची मशाल उचलायची, पडलेला दगड उचलायचा आणि मजल्यामागून मजला खाली उतरत जायचं. गोष्ट जवळपास एवढीच. आत शिरल्यावर पार्श्वसंगीतही नाही. पावलांचा आवाज, दूर कुठेतरी घासत सरकणारं दार आणि कोपऱ्यापलीकडून येणारी चाहूल, एवढंच ऐकू येतं. कानांवर भिस्त ठेवून खेळायला लावणारे गेम फार थोडे आहेत. हा त्यांतला एक आहे, आणि रात्री दिवा मालवून हेडफोन लावून खेळावा असा आहे.

दुसऱ्या भागात कैद्यांचं जहाज नेक्स नावाच्या बेटावर फुटतं. समोर समुद्र, जंगल, दलदल, स्मशान, पिरॅमिड, मधोमध किल्ला. दिवस मावळतो, रात्र होते. पाण्यात बुडी मारता येते, फावड्याने जमीन खणता येते, खजिन्याचे नकाशे सापडतात. तळघरं आहेतच, पण आता ती बेटभर विखुरलेली आहेत आणि कुठल्या तळघरात कधी उतरायचं हे बरंचसं तुमच्यावर सोपवलेलं आहे.

अडल्यावर काय होतं

खरा फरक इथे आहे, आणि निर्णय याच मुद्द्यावर घ्यावा असं माझं मत आहे.

हे खेळ म्हणजे अर्धी लढाई आणि अर्धी कोडी. पाय पडला की दबणारी फरशी, तिच्यावर दगड ठेवला की उघडं राहणारं दार, विटांमध्ये लपलेली बारीकशी कळ, एका घरातून उचलून दुसऱ्या घरात टाकणारे झोत, पायाखालून सरकणारी जमीन. तुम्ही अडणार हे ठरलेलंच आहे. पहिल्या भागात अडलात की एक आधार असतो: उत्तर बहुतेक वेळा याच मजल्यावर असतं. भिंती पुन्हा चाचपायच्या, चिठ्ठी पुन्हा वाचायची, ज्या खड्ड्याला आपण अडथळा समजत होतो त्यात मुद्दाम उडी मारून बघायची. शोधायची जागा लहान असल्यामुळे डोकं शांत राहतं. कोडं सुटलं की आपण स्वतः सोडवलं याचा आनंद निर्भेळ असतो.

दुसऱ्या भागात बंद दाराची किल्ली बेटाच्या दुसऱ्या टोकाला असू शकते. किंवा त्या दाराकडे यायची वेळ अजून दहा तास दूर असते, आणि हे तुम्हाला कोणी सांगत नाही. ट्विगरूटच्या जंगलात दगडी मुखवटे कोडी घालतात. वाचलेला शब्द लक्षात ठेवून तो भलत्याच ठिकाणी वापरावा लागतो. हे जमलं की जो आनंद होतो तो पहिल्या भागात कुठेही मिळत नाही. आठवडाभर मनात घोळत असलेली खूण एकदम उलगडते आणि बेटाचा एक अख्खा तुकडा खुला होतो. पण मध्ये दोन आठवडे खेळायला वेळ मिळाला नाही, तर परत आल्यावर कुठली सात दारं बंद होती आणि का, हे काहीच आठवत नाही. मला स्वतःला एकदा कामाच्या धबडग्यात महिनाभर खंड पडला. मग सगळं नव्याने सुरू करावं लागलं.

त्यामुळे आधी स्वतःच्या संध्याकाळींचा विचार करा. दोन-चार दिवसांतून तासभरच मिळत असेल तर पहिला भाग. सलग सुट्टी असेल, रोज बसता येणार असेल, तर दुसरा.

लढाई

इथे दुसरा भाग निःसंशय सरस आहे. पहिल्या भागात लवकरच एक युक्ती हाती लागते. चार घरांची मोकळी जागा बघायची आणि राक्षसाभोवती फेर धरायचा: बाजूला सरका, वळा, तो समोर आला की वार करा, पुन्हा सरका. पाय बसले की एकटादुकटा राक्षस तुम्हाला फारसं काही करू शकत नाही. सुरुवातीला ही कला वाटते, आठव्या-नवव्या मजल्यापर्यंत सवय होऊन जाते. भिंतीही दगडी कोठार, मंदिर आणि तुरुंग या तीनच नमुन्यांत फिरत राहतात. डोळ्यांना तोच तोपणा जाणवतो, हे मान्य करायला हवं.

दुसऱ्या भागातले शत्रू जास्त चपळ आहेत, जोडीने आणि झुंडीने येतात. उघड्या मैदानात पाठीला भिंत नसते, त्यामुळे जुना फेर धरून भागत नाही. जादूही सुधारली आहे. दोन्हीकडे नऊ खुणांचा चौकोन असतो. पहिल्यात एकेक खूण टिचकी मारून निवडायची. राक्षस अंगावर आलेला असताना हे फार किचकट होतं, आणि पहिल्यांदाच खेळणाऱ्याला जादूगार निरुपयोगी वाटायचं ते मुख्य कारण. दुसऱ्यात त्याच खुणांवरून एका ओढीत रेघ काढायची. हात बसला की मंत्र बोटांत उतरतो.

मात्र याची किंमत सुरुवातीलाच मोजावी लागते. पहिला भाग तुम्हाला गोगलगायींशी झुंजवत हळूहळू शिकवतो. दुसरा भाग जुन्या खेळाडूंना गृहीत धरतो आणि पहिल्या काही तासांतच चांगला दणका देतो. या जातीचा खेळ आधी कधी खेळला नसेल तर दुसऱ्या भागात अवघडपणाची सोपी पातळी निवडायला संकोच करू नका. कोडी तेवढीच कठीण राहतात.

चौघांची निवड

पहिल्या भागात योद्धा, चोर आणि जादूगार असे तीनच पेशे. माणूस, मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा), सरड्यासारखा आणि कीटकासारखा असे चार वंश. पर्याय कमी आहेत, पण त्यामुळे निवड पटकन होते. दुसऱ्यात रानटी लढवय्या, सरदार, लढाऊ जादूगार, किमयागार असे आठ पेशे आहेत, आणि उंदरासारखा एक नवा वंशही आला आहे. किमयागाराच्या पोतडीतल्या वनस्पती चालता चालता आपोआप वाढतात. बंदुका आहेत, आणि हाताने फेकायचे बाँब आहेत. शेतकरी नावाचा एक पेशा असा आहे की त्याला अनुभवाचे गुण शत्रू मारून नव्हे, खाऊन मिळतात. कल्पना मला फार आवडते, पण पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका. दर पातळीला कौशल्याचा एकच गुण मिळतो आणि दिलेला गुण परत घेता येत नाही, म्हणून चौघांना थोडं थोडं सगळं शिकवत बसलात तर पुढे कोणीच कामाचं उरत नाही. पहिल्या भागातही परतीची वाट नाही, पण तिथे चूक थोडी खपून जाते.

भूक दोन्हीकडे आहे. पहिल्यात जेवण आणि मशाली यांचा हिशोब सतत डोक्यात राहतो, जरा झोप काढली तरी पोट रिकामं होतं. मला हा हिशोब आवडतो, त्यामुळे प्रत्येक मजल्याला वजन येतं. नीट खेळलात तर उपासमार होत नाही.

आता थोडं व्यवहाराचं. दोन्ही गेम इंग्रजीत आहेत. पहिल्यात मजकूर इतका थोडा आहे की शाळेतल्या मुलालाही अडणार नाही. दुसऱ्यातली काही कोडी मात्र इंग्रजी शब्दांच्या खेळावर उभी आहेत. भाषा सराईत नसेल तर तिथे अन्याय झाल्यासारखं वाटतं, बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. पहिला भाग दहा वर्षांपूर्वीच्या साध्या लॅपटॉपवरही चालतो. दुसऱ्यातलं उघडं जंगल ग्राफिक्स कार्डाकडून बरंच जास्त मागतं. माउस दोन्हीला हवाच. चौघांच्या शस्त्रांवर पाळीपाळीने उजवी टिचकी मारायची असते, ते टचपॅडवर होत नाही. आयपॅड असेल तर पहिला भाग तिथेही मिळतो, दुसरा संगणकावरच खेळावा लागेल.

पुरवणीचं सांगायचं तर, भुयारं बनवायचं साधन दोन्हींसोबत मिळतं. पहिल्यात ते 2012 च्या अखेरीस जोडलं गेलं, दुसऱ्यात पहिल्या दिवसापासून होतं. चाहत्यांनी बनवलेली भुयारं स्टीमच्या वर्कशॉपमध्ये फुकट आहेत, आणि दुसऱ्याचं साधन जास्त समर्थ असल्यामुळे तिथली कामगिरी जास्त महत्त्वाकांक्षी आहे. एकाच गेमवर वर्षभर राहायचं असेल तर हे दुसऱ्याच्या बाजूने मोजा.

आयुष्यात यांतला एकच खेळायचा असता तर मी दुसरा निवडला असता, कारण त्या बेटाइतकं दाट, एकमेकांत गुंतलेलं काही या जातीत मी पाहिलेलं नाही. पण पहिल्यांदाच शिरणाऱ्याला मी पहिलाच देईन. पंधरा-वीस तासांत तो पूर्ण होतो, आणि तेवढ्यात घरं, वळणं, फरशा, खोट्या भिंती यांची भाषा अंगवळणी पडते. दुसऱ्या भागाला तीच भाषा तुम्हाला येत असणं अपेक्षित आहे.

पहिला घेतलात तर सुरुवातीला जुन्या पद्धतीचा पर्याय निवडा. त्यात नकाशा आपोआप बनत नाही. मुलांच्या गणिताच्या तासाची चौकटीची वही मिळते ना, ती घ्या. तिचं एक घर म्हणजे खेळातलं एक घर. तिसऱ्या मजल्यापर्यंत कागदावर एक घर विनाकारण रिकामं राहिलेलं दिसेल, चारी बाजूंनी भिंत असलेलं. तिथे गुप्त खोली आहे का बघायला परत जा. दुसऱ्या भागात मात्र खेळातला नकाशा चालूच ठेवा, आणि उघडलं नाही असं प्रत्येक दार त्याच्यावर त्याच वेळी टिपून ठेवा.