थायलंडला पैसे कसे न्यावेत? डॉलरच्या नोटा, फॉरेक्स कार्ड की झीरो मार्कअप कार्ड

बँकॉक-फुकेतचं तिकीट निघालं की घरात पुढचा विषय पैशांचा. दोन-तीन ठिकाणी फोन करून रेट विचारायचा, गूगलवरच्या आकड्याशी ताडून बघायचा आणि जिथे दहा-वीस पैसे कमी तिथे सौदा करायचा, ही आपली सगळ्यांची पद्धत. पण त्यात जातानाचाच हिशेब होतो. परत आल्यावर उरलेल्या पैशांचे रुपये कोणत्या रेटने होणार, हे फार कमी जण विचारतात आणि काउंटरवरचा माणूस आपणहून सांगत नाही.

मनी चेंजरच्या बोर्डावर दोन रकाने असतात, 'वी सेल' (तो आपल्याला विकतो तो रेट) आणि 'वी बाय' (तो आपल्याकडून घेतो तो रेट). आपली नजर पहिल्यावर असते. खरा खर्च त्या दोन रकान्यांमधल्या अंतरात आहे. डॉलरची उलाढाल मोठी, म्हणून हे अंतर कमी. थायलंडचं चलन असलेल्या बाथला आपल्याकडे गिऱ्हाईक थोडं, म्हणून अंतर भरपूर. पुण्यात बाथ विकत घ्यायचा विचार मी तेवढ्यावरच सोडला. आपल्याकडच्या विमानतळावरच्या काउंटरबद्दल तर बोलायलाच नको. रुपये थायलंडला घेऊन जाऊन तिथे बदलता येतात, माणशी २५,००० पर्यंत नेण्याची परवानगीही आहे, पण बँकॉकच्या काउंटरवर रुपयाच्याही दोन रकान्यांत मोठी दरी दिसते. राहिले तीन मार्ग: डॉलरच्या नोटा, फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवायचं प्रीपेड कार्ड) आणि झीरो मार्कअप कार्ड (परदेशातल्या खर्चावर बँक वरचे टक्के, म्हणजे मार्कअप, लावत नाही असं कार्ड). तिन्ही मी कुटुंबासोबतच्या, मध्यम बजेटच्या सहलींना वापरून पाहिलेत.

फॉरेक्स कार्डाची बाजू आधी मांडतो, कारण कागदावर तेच सर्वांत चांगलं दिसतं. रेट आधीच पक्का होतो, नोटा सांभाळायची काळजी नाही, हरवलं तर ब्लॉक करता येतं. कार्डावर बाथ भरता येत असतील तर उत्तमच. डॉलर भरून बाथमध्ये खर्च केलात तर क्रॉस करन्सी चार्ज लागतो. तो बँकेगणिक वेगळा असतो, तेव्हा कार्ड घेण्याआधी विचारून घ्या.

माझं मन उडालं ते हॉटेलच्या डिपॉझिटमुळे. चेक-इनच्या वेळी रिसेप्शनवर कार्ड मागितलं आणि डिपॉझिटची रक्कम ब्लॉक केली. चेक-आउटला 'रिलीज केली' म्हणून सांगितलं, तशी पावतीही दिली. पुण्यात आल्यावर उरलेले पैसे काढायला बँकेत गेलो. फॉर्म, पासपोर्टची झेरॉक्स, कॅन्सल्ड चेक, सगळं बरोबर होतं. काउंटरवरच्या मॅडम अगदी सौजन्याने म्हणाल्या, "सर, होल्ड अजून दिसतोय. तो सुटल्याशिवाय पूर्ण रक्कम काढता येणार नाही." हॉटेलला मेल केला, त्यांचं उत्तर आलं की आमच्याकडून सुटली आहे. बँक म्हणे, आमच्यापर्यंत आली नाही. क्रेडिट कार्डावर असा होल्ड पडला तर फक्त लिमिट अडकतं, इथे मी आधीच मोजलेले पैसे अडकले होते. काही आठवड्यांनी होल्ड सुटला. तेव्हा रक्कम परत मिळाली ती 'वी बाय'च्या रेटने, आणि पुन्हा जीएसटी कापून. जाताना मी ज्या पैशांची घासाघीस केली होती, ते सगळे या परतीच्या वाटेवर गेले.

एखाद्याला हा अनुभव येणारही नाही. हॉटेलने रोख डिपॉझिट घेतलं तर प्रश्नच मिटतो. पण प्रीपेड कार्डावर काही ना काही शिल्लक राहतेच आणि ती आपल्याला परत विकावी लागते, हे त्या कार्डाच्या रचनेतच आहे.

झीरो मार्कअप कार्डाला ही अडचण नाही, कारण पैसे आपल्याच खात्यात असतात. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर साधारण ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. इथे ते वाचतात, आणि व्हिसा-मास्टरकार्डचा रेट गूगलवरच्या आकड्याच्या अगदी जवळ असतो. हॉटेल, मॉल, मोठी रेस्टॉरंट यांसाठी यापेक्षा चांगलं मला काही सापडलेलं नाही.

अडतं ते एटीएमवर. थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त लावतात, रक्कम कितीही काढा. ५,००० बाथ काढले तर ते ४.४ टक्के झाले, २०,००० काढले तर १.१. त्यात स्क्रीनवर शेवटी विचारतात, 'विथ कन्व्हर्जन' की 'विदाउट कन्व्हर्जन'. रुपयांतला आकडा ठळक दाखवलेला असतो, बोट आपोआप तिकडे जातं. कायम 'विदाउट' निवडा, नाहीतर रेट ते मशीन ठरवतं आणि झीरो मार्कअपचा फायदा तिथेच संपतो. दुकानातल्या मशीनवरही हाच प्रश्न येतो, तिथेही बिल बाथमध्येच करायला सांगा. क्रेडिट कार्डाने रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, हे वेगळं.

आणि थायलंडमध्ये रोख लागतेच. रस्त्यावरचं पॅड थाय, टुकटुक, रात्रीचा बाजार, बेटांवरच्या बोटी, सगळीकडे नोटा. क्यूआर कोड जागोजागी लावलेले दिसतात, पण ते तिथल्या बँकांच्या प्रॉम्प्टपेचे. काही टूरवाले कार्ड घेतात आणि वर ३ टक्के मागतात.

म्हणून माझा कल डॉलरच्या नोटांकडे. रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे बाथ, असं दोनदा बदलावं लागतं म्हणून लोक बिचकतात. मीही सुरुवातीला साशंक होतो. पण दोन्ही वेळा अंतर बारीक असतं, कारण बँकॉकमध्येही डॉलरसाठी चुरस आहे. सुवर्णभूमी विमानतळावर अरायव्हलच्या मजल्यावरचे बँकांचे काउंटर सोडून सरळ सर्वांत खाली, रेल लिंकच्या स्टेशनकडे उतरा. तिथल्या छोट्या काउंटरांचा आणि वरच्या बँकांचा रेट शेजारी शेजारी ठेवून बघितलात, तर एवढ्या जिन्यांसाठी एवढा फरक कसा, असं वाटेल. शहरात सुपररिच नावाच्या मनी चेंजरच्या शाखा आहेत, हिरव्या पाटीची कंपनी वेगळी आणि केशरी पाटीची वेगळी. दोन्हींचे रेट मला चांगलेच वाटले. मूळ पासपोर्ट जवळ हवा.

नोटा मात्र बघून घ्या. बँकॉकच्या बोर्डावर १०० डॉलरच्या नोटेचा रेट वेगळा, ५० चा वेगळा, २०-१० चा आणखी कमी. पुण्यात कॅम्पात किंवा डेक्कनला नोटा घेताना शंभराच्याच मागा, शक्यतो मध्ये निळी पट्टी असलेल्या, म्हणजे २०१३ पासूनच्या. पेनाची खूण, शिक्का, फाटका कोपरा असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या. मागितलं तर देतात, न मागता विसाच्या नोटांचं बंडल हातात येतं.

एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंत रोख मिळते. रुपये रोख द्यायचे असतील तर ५०,००० च्या आत, त्यापुढे खात्यातून. एक लाखाच्या खरेदीवर जीएसटी १८० रुपये पडतो, छोट्या खरेदीवर किमान ४५. टीसीएसचा, म्हणजे चलन घेतानाच आगाऊ वसूल होणाऱ्या कराचा, प्रश्न वर्षाला १० लाखांच्या पुढे येतो, तो अशा सहलीला येत नाही.

आता परतीचा हिशेब. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा आपण स्वतःजवळ ठेवू शकतो. त्याहून जास्तीच्या परत आल्यापासून १८० दिवसांत परत द्यायच्या. म्हणजे न बदललेली शंभराची नोट 'वी बाय'च्या रेटने विकायची सक्तीच नाही, ती पुढच्या सहलीला चालते. बँकॉकमध्ये मी दोन-तीन दिवसांपुरतेच बाथ करून घेतो, बाकी डॉलर हॉटेलच्या लॉकरमध्ये.

एवढी रोख जवळ बाळगायची ज्यांना धास्ती वाटते, किंवा एकटी माणसं, त्यांनी झीरो मार्कअप कार्ड मुख्य ठेवावं आणि एटीएममधून एकदाच मोठी रक्कम काढावी, फार नुकसान नाही. मीही ते कार्ड सोबत नेतोच, हॉटेलच्या बिलासाठी. युरोपला निघाला असाल तर पारडं उलटं होतं. तिथे बसपासून बेकरीपर्यंत कार्ड चालतं, म्हणून थोडे युरो खिशात आणि बाकी सगळं कार्डावर ठेवणं मला सोयीचं वाटतं.