धंतोलीतलं भाड्याचं ‘पेशंट पॅकेज’: ब्रेन हॅमरेजनंतर घरी किती कामाचं?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या आसपास पलंग, एअर बेड, व्हीलचेअर भाड्याने देणारी दुकानं आहेत. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी फोन केला की संध्याकाळी टेम्पो दारात. त्यातल्याच एका दुकानाच्या पॅकेजचं हे परीक्षण. नाव टाळलंय, कारण खोट एकट्या त्या दुकानाची नाही. खुब्याचं हाड मोडलेला असो की ॲन्युरिझम (मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा) फुटून हॅमरेज झालेला आणि क्लिपिंग किंवा कॉइलिंग (तो फुगा बंद करायचे उपचार) झालेला, सामान सगळ्यांना तेच येतं.

आधी पलंग. सांगताना ‘फाउलर’ (पाठ आणि गुडघे दोन्ही उचलणारा) सांगतात आणि उतरतो सेमी-फाउलर, म्हणजे पायथ्याशी एकच हँडल, फक्त पाठ उचलणारं. नळीने फीड (पातळ अन्न) देताना पाठ 30 ते 45 अंश वर लागते आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवावी लागते. गुडघ्याचा भाग उचलता आला नाही तर पेशंट हळूहळू खाली घसरतो, माकडहाडावरची कातडी ओढली जाते आणि जखम नेमकी तिथेच होते. म्हणून दोन हँडलचाच पलंग मागा. आधी गुडघे उचलायचे, मग पाठ. उलट केलं की घसरलाच समजा. चाकांचे ब्रेक टेम्पोवाला असतानाच दाबून बघा. रेलिंगची खिट्टीही बघा, कारण ब्रेन हॅमरेजच्या पेशंटचं भान रात्री सुटतं आणि तो रेलिंगवरून उतरू पाहतो.

एअर बेड मात्र चांगला निघाला. फुगायला वेळ लागतो, पण कप्पे आलटून पालटून भरतात-रिकामे होतात. हवा पुरेशी आहे का, हे तपासायची पद्धत अशी: पेशंटच्या कमरेखाली, एअर बेडच्या खालून, तळहात वर करून हात सरकवा. माकडहाड आणि हात यांत इंचभर फुगवटा जाणवला पाहिजे. हाडच हाताला टेकलं तर पंपाचं बटण वाढवा. वर जाड सतरंजी-गोधडी टाकू नका आणि चादर ताणून खोचू नका, नाहीतर कप्प्यांचा उपयोग संपला. पाठ उचलताना पाइप पायथ्याशी दुमडतो, तो आधी मोकळा करायचा. आणि एअर बेड आहे म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं सुटत नाही.

तक्रार आवाजाची. पंप थेट लोखंडी पट्टीला टांगला की सगळा पलंग गुणगुणतो. या आजारातून उठलेल्याला उजेड आणि आवाज दोन्ही सोसत नाहीत, डोकं दुखतं. हुकाखाली जुन्या टॉवेलची घडी घातली की बराच फरक पडतो. लाइट गेल्यावर गादी बसते, म्हणून पंप इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावा. तो वीज फारशी खात नाही.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दुकानदार आग्रहाने जोडून देतो. वरून ऑक्सिजन न देता रक्तातली ऑक्सिजनची पातळी नीट राहत असेल आणि डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर परत पाठवा. मे महिन्यात 45 अंशांत ते यंत्र खोली आणखी तापवतं. घशाला नळी असेल तर त्याऐवजी बॅटरीवर चालणारं सक्शन मशीन (कफ ओढून घेणारं) मागा. कॅथेटर (सक्शनची बारीक नळी) आत टाकून एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त खेचायचं नाही.

बीपी मशीन मनगटाचं देतात. ते नकोच. दंडाचं घ्या, कफ दंडाच्या जाडीला बेताचा, आणि लुळा पडलेला हात सोडून चांगल्या हातावर मोजा. याचं महत्त्व निमोडिपिनमुळे. ही गोळी बहुधा दर चार तासांनी 60 मिलिग्राम, 21 दिवस चालते. रक्तस्रावानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या शिरा आकसतात आणि त्याने होणारं नुकसान टाळायला ती दिलेली असते. पण तिने बीपी खाली येतं. म्हणून डोसच्या आधी आणि नंतर मोजून वहीत लिहायचं, आणि किती खाली आलं तर डोसबद्दल विचारायचं तो आकडा सुट्टी मिळतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा. मनाने डोस गाळायचा नाही.

पॅकेजमधला अटेंडंट इथेच कमी पडतो. दिवसाची कूस, डायपर, आंघोळ व्यवस्थित; रात्री दोनचा डोस हमखास राहतो. गजर लावा, गोळी घरच्याच माणसाने द्या. नवी गुंगी, उलट्या, ताप, वाढती डोकेदुखी किंवा आकडीचा झटका दिसला तर त्याने पहिला फोन घरच्यांना करायचा, एजन्सीच्या ऑफिसला नाही, हे कामावर लागतानाच ठरवा. डोक्यात पाणी साचणं किंवा रक्तातलं सोडियम उतरणं यांची सुरुवात अशीच सुस्तीने होते, आणि ‘गाढ झोपलेत’ म्हणून ती सुटते.

व्हीलचेअर पहिल्या दिवसापासून घ्यायची घाई नको, भाडं उगाच चढतं. फिजिओथेरपिस्टने बसवायला सांगितल्यावर मागवा. कमोड खुर्ची मात्र लगेच हवी. हातांना आधार असलेली, पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढ्याच उंचीची.

पाचपैकी साडेतीन. अनामत रकमेची पावती घेताना गादीवर आधीच असलेलं ठिगळ त्यावर लिहून घ्या, परत देताना वाद तिथेच होतो.